हात ठेवून दाखवा

भारत आहेर गेल्याची बातमी उमापुरात पोलिसांच्या आधी पोहोचली, आणि त्याला कोणी मारलं हेही गावानं पोलिसांच्या आधीच ठरवून टाकलं.

फौजदार संगीता गर्जे कालव्याच्या मोरीपाशी आली तेव्हा ऊन अजून कोवळं होतं. फोन एका दूधवाल्याचा होता. त्यानं लांबूनच पाहिलं होतं. जवळ जायचं त्याला धाडस झालं नव्हतं. भारत मोरीच्या कठड्यावर आपटून पडला होता. अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यात पॅनलचा गमछा. जीव केव्हाच गेला होता. त्याची बुलेट पुढच्या चाकावर चारीत घुसली होती आणि वेड्या बाभळींनी ती निम्मीअर्धी झाकून टाकली होती.

ही बुलेट आसपासच्या गावांना पाठ होती. भारतचे वडील बंकटराव आहेर यांनी ती तरुणपणी घेतलेली. तिचा आवाज आला की पारावरची माणसं बसल्या जागी सावरून बसायची. सरपंचपदाची निवडणूक तोंडावर होती, फॉर्म भरायचे राहिले होते पण भारतची उमेदवारी पक्की होती, आणि दारात चारचाकी असताना तो प्रचाराला मुद्दाम हीच गाडी काढायचा.

गाडी वर ओढायला संगीतानं गावातला एकही माणूस घेतला नाही. पंच म्हणून गेवराईहून दोन सरकारी कर्मचारी मागवले. जमलेल्या बघ्यांना शिपाई उज्ज्वलानं पार रस्त्याच्या वळणापलीकडे थोपवून धरलं. लोक तिथूनच शिव्या देत होते. पोलिसांना, अपघाताला आणि अंगदला.

अंगद म्हणजे गावातला गॅरेजवाला. आदल्या दिवशी ही गाडी त्याच्याकडे होती. गावाला तेवढं पुरे होतं. ब्रेक सोडून दिला भडव्यानं, असं एक जण ओरडला आणि बाकीच्यांनी ते उचललं.

संगीता मूळची कडा गावची. शाळेत असल्यापासून मोटारसायकल चालवायची. तिनं आधी ब्रेकच दाबून पाहिला. वायर ताठ होती, ब्रेक धरत होता. मग ती पुढच्या चाकापाशी वाकली आणि तिथेच थांबली.

पुढचं मडगार्ड जागेवर नव्हतं. ते चाकाबरोबर गोल फिरून टायर आणि फोर्कच्या मध्ये पाचर ठोकल्यासारखं बसलं होतं. भरधाव गाडीचं पुढचं चाक जागच्या जागी गच्च झालं होतं. मडगार्डच्या पट्ट्या खाली ज्या दोन बोल्टांवर अडकवलेल्या असतात, त्या बोल्टांना नटच नव्हते. तिनं बोट फिरवून पाहिलं. आटे शाबूत होते. नट तुटून उडाले असते तर आटे खरवडले असते. हे कोणीतरी पाना लावून निवांत उतरवले होते, आणि पट्ट्या तशाच बोल्टांवर टेकवून ठेवल्या होत्या. पहिल्या मोठ्या खड्ड्यात त्या निसटणार, हे त्याला माहीत होतं.

तिनं फोटो काढले, गाडीवर ताडपत्री टाकली आणि दोन्ही पंचांना बाजूला घेतलं. मडगार्डचं नाव तुमच्यातल्या कोणाच्या तोंडून बाहेर पडलं तर माझ्याशी गाठ आहे, असं तिनं शांतपणे सांगितलं. गाव ब्रेक म्हणतंय ना, म्हणू दे. गाडी चौकीच्या मागच्या खोलीत गेली आणि किल्ली तिच्या खिशात.

दुपार व्हायच्या आत अंगदचं दुकान फुटलं. शटर वाकवलं, पाने रस्त्यावर फेकले, ऑइलचे डबे ओतले. संगीता जीप घेऊन घुसली तेव्हा तीसचाळीस माणसांनी अंगदला विजेच्या खांबाला टेकवून धरलं होतं. त्याला सोडवताना उज्ज्वलाच्या दंडावर दगड बसला. कोणी मारला ते सगळ्यांनी पाहिलं आणि कोणी सांगितलं नाही.

अंगद पंचविशीचा, काटक, मेंढपाळ घरातला. ओठ फुटलेला. चौकीत त्याला पाणी दिलं तर त्यानं आधी चूळ भरली आणि लाल पाणी खिडकीबाहेर टाकलं.

"भारतची गाडी तुझ्याकडे कधी आली?"

"काल दुपारच्याला."

"काय काय केलंस?"

"क्लचची वायर बदलली. सायलेन्सर हलत हुता, तेवढा आवळला. चेनला ऑइल सोडलं."

"आणखी कशाला हात लावला?"

"न्हाई."

"जत्रेत त्यानं तुला मारलं होतं?"

"कानाखाली मारली. समद्या गावासमोर."

"का?"

"त्यांच्या पॅनलचा बोर्ड माझ्या दुकानावर लावू दिला न्हाई म्हनून."

"मग त्याची गाडी दुरुस्तीला घेतलीसच कशाला?"

अंगदनं पहिल्यांदा मान वर केली. "गाडीनं कुटं मारलं हुतं मला, मॅडम?"

चौकीबाहेर त्याची आई बायनाबाई येऊन बसली होती. रानात मेंढरं शेजाऱ्याच्या हवाली करून ती तशीच आली होती, हातातली काठीसुद्धा तिनं सोडली नव्हती. संगीतानं तिला आत येऊन पोराला भेटायला सांगितलं. ती उठली नाही. तुमी लोक आत नेता ते बाहेर आनत न्हाई, म्हणाली, आमी हितंच बरे. तिला राग आला होता आणि तो तिनं लपवला नाही. संगीताला त्याचा राग आला नाही, कारण म्हातारी खोटं बोलत नव्हती.

वरून साहेबांचा फोन आला. साहेबांना दोनच गोष्टी हव्या होत्या: गाव शांत आणि आरोपी कोर्टात. साक्षीदार मिळाले की उद्या उभा करा, म्हणाले. साक्षीदार नाही मिळाले तर काय, हे संगीतानं विचारलं नाही. उमापुरात आहेरांना साक्षीदार मिळणार नाहीत असं कधी झालं नव्हतं.

भारतचं शवविच्छेदन व्हायचं होतं. तेवढ्या वेळात ती आहेरांच्या घरी गेली.

नवं सिमेंटचं घर, मोठं अंगण, एका बाजूला गुरांचा गोठा. अंगणाला उतार होता. उज्ज्वलानं आपली मोटारसायकल तिथं उभी केली तेवढ्यात ओसरीवरून एक तिशीचा तरुण लगबगीनं खाली आला.

"ताई, किकस्टँड खचेल मातीत. थांबा, वीट देतो खाली."

त्यानं वीट आणून दिली, पाण्याचा तांब्या आणला, खुर्ची पुसली. हा हरिओम, बंकटरावांच्या थोरल्या भावाचा मुलगा. वडील लहानपणीच गेले. ते आपल्या काळात गावचे सरपंच होते. चुलत्यानंच त्याला वाढवलं. एवढ्या मोठ्या गावात त्या दिवशी पोलिसांशी नीट बोललेला तो एकटाच माणूस होता, आणि संगीताला त्याचं बरं वाटलं हे मान्य करायला हवं.

बंकटराव मात्र खुर्चीतून हलले नाहीत. डोळे सुजलेले, आवाज तसाच जाड.

"आरोपी घरपोच दिलाय आमी तुमाला. आता माझ्या दारात काय हुडकताय?"

"रात्री गाडी कुठे होती?"

"हितंच. अंगनात. फाटकाला कुलूप, कुत्रं मोकळं. भुंकलं बी न्हाई, माशी गेली न्हाई आत. पहाटं भारतनंच काढली ती."

"गॅरेजमधून कधी आली?"

"काल सांजच्याला. लगेच शेवगावला जाऊन आला भारत. तसल्या खड्ड्यांतून. वाघावानी चालवायचा गाडी." एवढं बोलून त्यांनी तोंड फिरवलं.

संगीतानं त्यांना थोडा वेळ दिला. मग हरिओमला विचारलं की भारतनं काल आल्यावर गाडीबद्दल काही तक्रार केली होती का. हरिओमनं हात जोडले. त्याला गाडीतलं ओ की ठो कळत नाही म्हणाला. पुण्यात तो एका कंपनीत फोनवर बसायचा, अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांशी बोलायचा. सगळं आयुष्य कानात गेलं, हाताला काही येत नाही. दिवाळीला तात्यांनी, म्हणजे बंकटरावांनी, बोलावलं म्हणून नोकरी सोडून गावी आला.

"तात्यांनी कशासाठी बोलावलं?"

"घरचं बघायला," हरिओम म्हणाला, आणि रिकामा तांब्या उचलून आत गेला.

निघताना तिची नजर गोठ्याकडे गेली. कडब्याच्या गंजीवर दव पडू नये म्हणून एक फ्लेक्सचा बॅनर टाकला होता. वाऱ्यानं एक कोपरा उलटला होता. त्यावर हात जोडलेला हरिओम हसत होता आणि खाली 'भावी सरपंच' एवढं वाचता येत होतं. बाकीचं शेणानं माखलं होतं.

साक्षीदार संध्याकाळी आले, न बोलावता. एकामागून एक तिघं. गॅरेजसमोर चहाचं हॉटेल चालवणारा राम, भारतच्या मागेपुढे असायचा तो सुरज, आणि गॅरेजच्या भिंतीला लागून भाजी विकणारी रतनबाई. संगीतानं तिघांना वेगवेगळं बसवून विचारलं, आणि तिघांनी पाढा म्हणावा तसं तेच सांगितलं.

राम म्हणाला, गिऱ्हाइकाला चहा देता देता माझं लक्ष गेलं, अंगद फेंडर खोलत होता. सुरज म्हणाला, मी तिथंच उभा होतो, अंगदनं फेंडरचे नट काढून खिशात टाकले. रतनबाई खाली मान घालून म्हणाली, फेंडर ढिलं करत हुता. संगीतानं तिला विचारलं, नक्की काय करत होता? "फेंडर," रतनबाई म्हणाली, आणि पदरानं तोंड पुसलं.

ब्रेकचं नाव कोणीही घेतलं नाही. सकाळपासून अख्खं गाव ब्रेकच्या नावानं कोकलत होतं आणि हे तिघे डोळ्यांनी पाहिलेले साक्षीदार ब्रेक विसरून गेले होते.

संगीता उठून अंगदकडे गेली.

"फेंडर म्हणजे काय रे?"

"फेंडर?" त्यानं कपाळाला आठ्या घातल्या. "चारचाकीचं डेंटिंग करनारे पुडच्या पत्र्याला म्हनत्यात तसं."

"आणि मोटारसायकलला?"

"मोटारसायकलला कुटलं फेंडर? आमच्यात न्हाई असलं काय."

त्याला खरंच माहीत नव्हतं. ज्या वस्तूवरून त्याला फासावर चढवायचं चाललं होतं, ती कोणती हेच त्याला ठाऊक नव्हतं. संगीतानं बाहेर येऊन मोबाइल काढला आणि तो शब्द शोधला. एका पानावर दोन रकाने निघाले. एकीकडे इंग्रजांकडचे शब्द, दुसरीकडे अमेरिकेतले. पहिल्या रकान्यातले तिच्या ओळखीचे होते. कड्याच्या, केजच्या, उमापूरच्या गॅरेजांत तेच चालतात. गोरा साहेब गेला, त्याचे शब्द ऑइलच्या डागांसारखे इथेच राहिले. साइड स्टँड, सायलेन्सर, इंडिकेटर, मडगार्ड. दुसऱ्या रकान्यात त्याच वस्तूंना निराळीच नावं होती. तिनं बोटानं मडगार्डसमोरची ओळ गाठली, मग साइड स्टँडसमोरची. ती दोनदा वाचली आणि मोबाइल खिशात टाकला.

मग तिनं उज्ज्वलाला बोलावून दोन कामं सांगितली. एक, सकाळी तुझी मोटारसायकल पुसून चौकीच्या अंगणात उभी कर. दुसरं काम तिनं हळू आवाजात सांगितलं.

सकाळी आहेर आले ते एकटे आले नाहीत. चौकीच्या फाटकाबाहेर शंभरेक माणसं होती, दोन ट्रॅक्टर आडवे लावले होते. अंगदला कोर्टात न्यायची जीप निघाली की रस्त्यात काय करायचं हे त्यांचं ठरलेलं दिसत होतं. बायनाबाई फाटकाच्या आतल्या बाजूला पाठ टेकून बसली होती. कोणीतरी तिच्यावर थुंकलं होतं आणि तिनं ते पुसलं नव्हतं.

बंकटराव आणि हरिओम यांना संगीतानं अंगणात खुर्च्या दिल्या. साक्षीदारांचे जबाब पक्के करायचे आहेत, तुमच्यासमोरच करू, म्हणाली. बंकटराव गुरगुरले, पण बसले.

पहिला राम आला. बाकीचे दोघे आत.

"राम, काल तू सांगितलंस की अंगद फेंडर खोलत होता."

"व्हय मॅडम. देवाशपथ."

"ही मोटारसायकल घे. फेंडरवर हात ठेवून दाखव."

राम गाडीकडे पाहत राहिला. गाडीला एक फेरी मारली. हरिओमकडे बघायला मान वळवली तर मध्ये उज्ज्वला उभी होती. शेवटी त्यानं वाकून सायलेन्सरवर हात ठेवला.

"नक्की?"

"हेच की," राम म्हणाला.

सुरजला बोलावलं. त्यानं वेळ घालवला नाही, तरातरा जाऊन लेगगार्ड धरलं आणि जिंकल्यासारखा उभा राहिला. ब्रेकला लागूनच असतं हे, असंही वर सांगितलं. फाटकाबाहेर कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

हरिओम उठला. "मॅडम, अडाणी माणसं आहेत. पोलीस बघून घाबरलीत. याचा काय एवढा..."

"बसा," संगीता म्हणाली.

रतनबाई गाडीजवळ गेलीच नाही. पायरीवरूनच हात जोडले. "मला नगा इचारू बाई. भाजी इकते मी. जसं बोलाया लावलं तसं बोलले."

"कोणी बोलायला लावलं?"

तेवढ्यात बंकटरावांचा संयम सुटला.

"आमच्या हरिओमनं सांगितलं. त्यात काय चोरी केली? ह्या लोकास्नी कुटं धड बोलता येतंय? त्यानं नीट शबूद दिला त्यांच्या तोंडात."

"पण हरिओमला गाडीतलं काही कळत नाही. कालच मला म्हणाले."

"त्याला कळत न्हाई?" बंकटराव हसले, तुच्छतेनं. "सात वरीस पुन्यात बसून त्या अमेरिकेच्या लोकास्नी मोटारसायकलीचेच पार्ट इकत हुता फोनवर. त्याला कळत न्हाई तर कुनाला कळतं?"

मग त्यांनी हरिओमकडे पाहिलं. हरिओम त्यांच्याकडे पाहत नव्हता.

"तात्या," संगीता म्हणाली. तिनं त्यांना पहिल्यांदाच तसं म्हटलं. "भारतचा ब्रेक शाबूत होता."

तिनं मागच्या खोलीचं कुलूप काढलं. पोलिसांनी पुढचं चाक उचलून धरत गाडी अंगणात आणली आणि ताडपत्री ओढली. बंकटराव खुर्चीतून उठले. ज्या गाडीवर त्यांनी मुलाला पुढे बसवून गावभर फिरवलं होतं, तिच्या चाकात अडकलेलं मडगार्ड त्यांनी पाहिलं आणि त्यांचा हात नकळत त्याच्याकडे गेला.

"हे," संगीता म्हणाली. "तुम्ही याला काय म्हणता?"

"मडगार्ड."

"राम काय म्हणतो? सुरज?"

दोघेही पुटपुटले, मडगार्ड.

"उमापुरात जन्मलेला कोणीही मडगार्डच म्हणेल. अंगदसुद्धा. भारतला मारलं ते या मडगार्डनं. चाक गच्च झालं, गाडी उलटली. हे फक्त मला, उज्ज्वलाला आणि बाहेरगावच्या दोन पंचांना माहीत होतं. आणि ज्यानं नट काढले त्याला. गाव ब्रेक ब्रेक करत राहिलं. पण ज्यानं हे केलं तो हुशार होता. गाडी माझ्या ताब्यात आहे, मला खरं कारण दिसणार, मग साक्षही त्याच्याशी जुळायला हवी, एवढा विचार त्यानं केला. म्हणून त्यानं यांना बरोबर तोच पार्ट पढवला. फक्त घाईत तो त्या नावानं सांगितला, ज्या नावानं तो सात वर्षं रोज सांगत आला होता. अमेरिकेत मडगार्डला फेंडर म्हणतात. साइड स्टँडला किकस्टँड म्हणतात. तोही शब्द मी तुमच्याच अंगणात ऐकला. आणि या तिघांनी विचारलं नाही, कारण आहेरांच्या घरच्या माणसाला 'म्हणजे काय हो' असं विचारायची यांची छाती नाही. काय पाहिलं ते माहीत नसताना ते पाहिल्याची शपथ घेतली यांनी."

"शब्दावरून माणूस धरता काय?" हरिओमचा आवाज चिरकला.

"नुसत्या शब्दावरून नाही. दुकानात नट काढले असते तर शेवगावच्या खड्ड्यांत परवा संध्याकाळीच मडगार्ड निसटलं असतं. भारत सुखरूप परत आला. म्हणजे नट त्यानंतर निघाले. त्यानंतर गाडी कुठे होती? बंद फाटकाच्या आत. कुत्रं मोकळं होतं आणि भुंकलं नाही."

तिनं उज्ज्वलाला खूण केली. उज्ज्वलानं एक प्लॅस्टिकची पिशवी वर धरली. आत दोन नट होते, ओले. पंचांना घेऊन ती पहाटेच आहेरांच्या गोठ्यात जाऊन आली होती. सगळा गोठा धुंडाळून शेवटी गुरांच्या पाण्याच्या हौदातलं पाणी उपसलं तर तळाला हेच निघाले. बंकटरावांच्याच गड्यानं फाटक उघडून हौद उपसून दिला होता, कशासाठी ते न विचारता.

बंकटराव पुतण्याकडे वळले. त्यांचा आवाज आता जाड राहिला नव्हता.

"कावून, हरी?"

हरिओमनं चुलत्याकडे मान वळवली. मग जे बोलला ते पोलिसांशी नव्हतंच.

"तुमी बोलावलं म्हनून नोकरी सोडली मी, तात्या. बापाची खुर्ची तुझी हाय म्हनलात. बॅनर छापला. चार दिवसांत तोच बॅनर काढून भारतचा लावला, आन माझा कुटं टाकला? कडब्यावर. रोज सकाळी गुरास्नी वैरन टाकायला मी जायचो. माझ्या तोंडावरचं शेन मी बघायचो." त्यानं नाक पुसलं. "पाय मोडंल, फॉर्म भरायच्या दिवशी झोपून राहील, एवढंच पायजे हुतं मला. मरंल असं वाटलं न्हाई."

"आणि अंगद?" संगीतानं विचारलं. "तोही मरायला नको होता?"

संगीताला हरिओमची त्या क्षणी कीव आली आणि लगेच रागही आला. खांबाला टेकवलेला पोरगा तिनं स्वतः सोडवून आणला होता. तिनं उज्ज्वलाला त्याला आत न्यायला सांगितलं.

फाटकाबाहेर कुजबुज सुरू झाली आणि मागच्या मागे पसरत गेली. कालचा आवेश कुठे ठेवायचा ते कोणालाच कळेना. ट्रॅक्टरवर चढून बसलेले हळूच खाली उतरले. राम आणि सुरज भिंतीला चिकटून उभे होते. खोट्या साक्षीचं काय होतं ते तुम्हाला आज कळेल, असं संगीतानं त्यांना सांगितलं आणि ते दोघेही आज्ञाधारकपणे आत जाऊन बसले.

अंगदला बाहेर सोडलं. ऊन डोळ्यांवर आल्यानं तो दारातच थबकला. मग सरळ बुलेटपाशी गेला, खाली बसला, क्लचची वायर बोटांत धरून ओढून पाहिली.

"माझी वायर चांगली हाय," तो म्हणाला. कोणाला म्हणाला ते कळलं नाही.

बायनाबाई उठली. तिनं पोराच्या दंडाला धरलं आणि फाटकाकडे चालू लागली. संगीता पुढे होऊन दोन शब्द बोलणार होती, पण म्हातारीनं तिच्याकडे पाहिलंही नाही. बंकटराव वाटेतच उभे होते, ताडपत्रीचं टोक हातात धरून. बाजूला सरकायचं त्यांना सुचलं नाही. बायनाबाई त्यांच्यासमोर थांबली. गावातली बाई बंकटरावांसमोर अशी मान वर करून उभी राहिल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

"आता कुनाचं दुकान फोडता, तात्या?"

बंकटरावांच्या हातातून ताडपत्रीचं टोक सुटलं. मग ते एक पाऊल बाजूला झाले. मायलेक फाटकातून बाहेर पडले, गर्दी आपोआप दुभंगली, आणि दुकानापाशी पोचल्यावर अंगद कालपासून रस्त्यात विखुरलेले आपले पाने एकेक करून उचलायला लागला.